अकोटच्या मंडळीची साक्ष

"नापास केलं ना बाई मास्तरले? पक्कं केलं ना?"

अकोटच्या मोटार-अड्ड्यावर सर्व्हिस मोटारीच्या खिडकीपाशी तानुबाई उभी होती. डोक्यावरची पाटी एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने तिने फडक्यात बांधलेली वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ओली जुडी खिडकीतून आत सरकवली, ती थेट वच्छलेच्या मांडीवर. निकालाच्या दिवशी शाळेच्या दारात मुलींच्या आया उभ्या असतात, तशी तिच्या चेहऱ्यावर आशा होती. फक्त त्या आया उलटं विचारतात.

"अजून काही ठरलेलं नाही," वच्छला म्हणाली. "पण तुम्ही सगळ्यांनीच सांगितलं ना सकाळी, मास्तर नकोत म्हणून."

"नको कोन म्हनलं?" तानुबाई चमकली. "आमी म्हनलं खराब हायेत. खराब मानसाले पादरी करत नाईत. पादरी नाई झाले म्हंजे बदली नाई. तिवशाचा मास्तर नाई का, पादरी म्हून हात ठेवले डोक्शावर अन् महिन्याच्या आत धाडला तिकडं लांब. आता त्याच्या लोकाइले कोनी पुसत नाई. आमी पाह्यलं ना थे."

"म्हणजे सकाळी तुम्ही सगळे खोटं बोललात?"

"हळू ना व बाई!" तानुबाईने पुढच्या बाकाकडे पाहिलं आणि तोंड खिडकीच्या आत घातलं. "मीच वाटून देल्लं सगळ्याइले. सगळेच एक गोष्ट सांगतीन तं तुमच्यासारक्या शिकलेल्या मानसाले शंका येईन. म्हून एकाले झोप देल्ली, एकाले गानं देल्लं, एकीले म्हनलं तू सांग का बिमारीत आले नाई. जसं ज्याले झेपन तसं."

"आणि प्रभुभोजन? ते पाळकालाच देता येतं. तीन-तीन महिने अकोल्याच्या पाळकांची वाट पाहता तुम्ही. देवीदास पाळक झाले असते तर—"

"भाकर तं मास्तर आमच्या संगं रोजच खाते, बाई. थे पवित्रवाली नसन भेटत तं नसो." मोटारीने धूर सोडला तशी ती मागे सरली, आणि सुटणाऱ्या मोटारीबरोबर दोन पावलं चालत ओरडली, "वांगे आजच करा, शिळे होतीन!"

मोटार सरकीच्या ढिगाऱ्यांमधून आणि जिनिंग कारखान्याच्या भिंतीजवळून बाहेर पडली. हवेत तरंगणारा कापूस खिडकीतून येऊन वच्छलेच्या बाहीला चिकटत होता. तिने तो काढला नाही. मांडीवरची जुडी ओली होती, ओल लुगड्यातून आत झिरपत होती, आणि तिचा तो हिरवा, उग्र, ताजा वास नाकाशी बसला होता. तिला वाटलं, आता ड्रायव्हरला सांगून मोटार थांबवावी. मग वाटलं, थांबवून कुणाला काय सांगणार? पुढच्या बाकावर, ड्रायव्हरशेजारी, दोन माना दिसत होत्या. एक रेव्हरंड किसनरावांची, पांढऱ्या कडक कॉलरमध्ये घट्ट बसवलेली. दुसरी पंजाबरावांची, मंडळीचे वडील म्हणजे निवडलेले पंच, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, रुमालाने सतत पुसली जाणारी. या दोन माना आणि ती स्वतः, अमरावतीच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी वच्छला बी. एस्सी., असं मिळून परीक्षक मंडळ. वऱ्हाडातल्या कुणाही ख्रिस्ती माणसाला पाळकपदाची दीक्षा द्यायची तर या तिघांनी आधी त्याला पारखायचं. मंडळावर बाई घेण्याची ही पहिलीच वेळ. किसनरावांनी तिचं नाव सुचवताना सभेत सांगितलं होतं, की बायकांच्या दृष्टीचाही लाभ व्हावा. पहिल्या बैठकीत त्या दृष्टीचा लाभ चहात साखर किती घालायची, एवढ्यापुरताच घेतला गेला.

तिचा वैताग त्या बैठकीपासूनचा होता. अमरावतीच्या चर्चशेजारच्या खोलीत देवीदासला लांब मेजाच्या टोकाला बसवलं होतं. बारा वर्षं अकोटला मास्तरकी आणि सुवार्तेचं काम केलेला माणूस, कोट उसना घेतलेला, बाह्या मनगटाच्या वर थांबलेल्या. किसनरावांनी त्याला नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे यांतला फरक विचारला. त्याने सांगितला. प्रेषित पौलाच्या दुसऱ्या प्रचारफेरीतली गावं विचारली. एक गाव त्याने मागेपुढे केलं. मग त्याच्या नावावर अर्धा तास गेला. देवीदास नावाचा माणूस वेदीपाशी कसा उभा राहणार? "आईनं ठेवलेलं हाय जी," तो म्हणाला. "थे बाप्तिस्म्याच्या आधीच वारली. आता तिले विचारून बदलता येत नाही." यावर पंजाबराव म्हणाले, साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं. आणि मग त्यांनीच दिनचर्या विचारली. देवीदास सांगू लागला की पहाटे उठून खुशालरावाची कूस बदलून येतो, मग पाणी भरतो, मग शाळा, सांजेला पुन्हा खुशालरावाची कूस. "कूस काय?" पंजाबराव हसले. "अहो, दिनचर्येत प्रार्थना सांगा, वाचन सांगा." देवीदासने मान डोलावली आणि प्रार्थना व वाचन सांगितलं. किसनराव खूष होऊन म्हणाले, उमेदवार साधारण ठीक आहे, एवढं एक गाव सोडलं तर.

तेव्हा ती बोलली होती. आता मोटारीत तिला तिचा स्वतःचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला, शांत, मोजका, थोडा अभिमानाने ताठ. ती म्हणाली होती, माझ्या वर्गात मुलीने प्रयोग न करता नुसता वहीत लिहिला तर मी तिला गुण देत नाही. आपण या माणसाला त्याचं काम सोडून सगळं विचारलं. ज्यांच्यात तो बारा वर्षं राहिला, त्यांना जाऊन विचारा की तो कसा आहे. त्याला बाहेर बसवा आणि एकेकाला वेगळं बोलवा, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बोलणार नाही. किसनरावांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "शास्त्राचं डोकं आहे बरं!" तिला ते आवडलं होतं. घरी जाताना छत्रीच्या सावलीत ती एकटीच हसलीही होती. आता ते हसणं तिच्या गालांना चटका देत होतं. कारण किसनराव आपल्या कंटाळवाण्या प्रश्नांनी देवीदासला पास करून मोकळे झाले होते. त्याला नापास करायला तिची पद्धत लागली.

आणि पद्धतीत तरी कुठे खोट होती? तिने पुन्हा सगळं तपासलं, मुलींच्या चुकलेल्या उत्तरात नेमकी कुठल्या ओळीत चूक शिरली ते शोधतात तसं. पत्र्याच्या छपराचं ते प्रार्थनामंदिर, आत एक मेज, बाहेर निंबाखाली देवीदास. माणसं एकेक आत आली. एकजण म्हणाला, मास्तरचा उपदेश सुरू झाला की आमच्या माना पडतात. एक म्हणाला, गाणं असं भेसूर की लेकरं रडतात. एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, माझा नवरा तापाने फणफणत होता तर मास्तर फिरकले नाहीत. दोघांची तक्रार एकच, असं कुठेच झालं नाही, आणि हेच तिला सर्वांत पटलं होतं. एकाच गोष्टीची घोकंपट्टी असती तर तिने ती ओळखली असती. स्वतंत्र निरीक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा मानावंच लागतं, हे ती दर वर्षी नव्या मुलींना फळ्यावर लिहून देते. आणि भाजीवाल्या तानुबाईने तिची ही फळ्यावरची ओळ न वाचताच ओळखली, आणि सकाळी पाटीवर भाजीचे वाटे लावावेत तशा तक्रारी लावल्या. तुला हे, तुला ते. जसं ज्याला झेपेल तसं.

मोटार चिंचांच्या सावलीतून जाई तेव्हा आत क्षणभर अंधार होई आणि पुन्हा पांढरं ऊन डोळ्यांवर येई. कापसाच्या गाड्या बाजूला होता होईनात, ड्रायव्हर हॉर्न वाजवत शिव्या घालत होता. तापमापकाचं तिला आठवलं. वाटीभर पाण्यात थंडगार तापमापक बुडवला की तो आधी स्वतःसाठी त्या पाण्याची ऊब ओढून घेतो, आणि मग जो आकडा दाखवतो तो पाण्याचा नसतो, दोघांचा मिळून असतो. हौदात बुडवलात तर फरक कळत नाही. वाटीत कळतो. अकोटची मंडळी ही अशी वाटीभर. तिथे हे तिघं कॉलर, रुमाल आणि बी. एस्सी. घेऊन उतरले. हे तिला आधी सुचायला हवं होतं. परीक्षकांपैकी निदान तिला तरी. कारण पास झालेल्या मास्तरला गाव सोडावं लागतं, हे उरलेल्या दोघांच्या लक्षात आलं नसेल, पण ती पाळकाची मुलगी.

अण्णा, तिचे वडील, अचलपूरला असेच मास्तर होते. दीक्षेच्या परीक्षेआधी ते आंघोळ करताना यहूदाचे आणि इस्राएलचे राजे ओळीने म्हणत, आणि मोरीच्या बाहेर उभी राहून ती चुकलेला राजा सांगे. पास झाले. डोक्यावर हात ठेवले गेले, पेढे वाटले, आणि पावसाळ्याच्या आत छकड्यावर सामान चढलं. तिला त्या दिवसातली दोनच दृश्यं आठवतात. छकड्याच्या मागे माणिकबाई नावाची एक म्हातारी बाई पायाने अधू, तरी पळत आली होती आणि तिने एक कोंबडी, पाय बांधलेली, आईच्या मांडीवर टाकली होती. आई म्हणाली, अगं राहू दे. ती म्हणाली, आता ठेवून कोणाले खाऊ घालू? आणि दुसरं, अण्णांचं तोंड. पास झालेल्या माणसाचं तोंड असं का, हे तिला तेव्हा कळलं नाही. पुढे दर तीन वर्षांनी छकडा येत राहिला आणि ते तोंड तसंच राहिलं. त्यांना कुणी कधी विचारलं नाही. दीक्षा देताना भर सभेत विचारतात, या माणसाबद्दल कुणाची हरकत आहे काय? तीही विचारायची म्हणून, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं वाचतात. हा माणूस तुम्हाला हवा आहे काय, हवा असेल तर आम्ही तो तुमच्याजवळ राहू देऊ काय, हा प्रश्न छापील पुस्तकात कुठेच नाही. तिच्या स्वतःच्या प्रश्नांतही तो नव्हता.

पूर्णा ओलांडताना मोटार हळू झाली. पलीकडच्या विहिरींचं पाणी खारं, तिथल्या बायका पाण्यासाठी डोक्यावर घागरी घेऊन लांबवर ओळीने चाललेल्या. तिचाही घसा कोरडा पडला होता. सकाळी सगळ्या साक्षी झाल्यावर देवीदासनेच पाणी आणून दिलं होतं, तांब्या-पेला, ताटलीत गुळाचा खडा. मंदिराच्या भिंतीही पत्र्याच्याच. बाहेर निंबाखाली त्याला शब्दन् शब्द ऐकू गेला असणार, हे तिला त्याच्या हातातला पेला घेताना कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली होती, वाईट वाटून घेऊ नका. तो म्हणाला, "गान्याचं तं मले माहीत होतं, बाई. बाकीचं नव्हतं."

बाकीचं नव्हतं. म्हणजे त्याने खरं मानलं होतं. बारा वर्षं ज्यांच्या ओट्यावर बसला, ज्यांच्या ताटात जेवला, ती सगळी माणसं त्याला कंटाळलेली आहेत, हे तो आता या घटकेला तिकडे एकटा गिळत बसला असेल. तानुबाईला हे सुचलं नव्हतं. तिने सगळ्यांच्या तोंडी सगळं घातलं, फक्त ज्याच्या कानावर ते पडणार त्याचा हिशेब धरला नाही.

आणि एक खुशालराव राहिले. ते येऊ शकत नव्हते, अर्धांगाने पडलेले, म्हणून वच्छला त्यांच्या घरी गेली होती, तानुबाई पुढे, ती मागे. म्हातारा खाटेवर भिंतीकडे तोंड करून होता. तिने मास्तरबद्दल विचारलं. तो बोलला नाही. पुन्हा विचारलं, तर पाठ थोडी हलली, एवढंच. तिने मनाशी नोंद केली, की नावसुद्धा काढायला तयार नाही, इतका राग. तानुबाईने लावलेल्या वाट्यांमध्ये ही पाठ बसत नव्हती. तक्रार सांगायला सोपी असते, पण मौन कोण कुणाला वाटून देणार? तेव्हा तो एक राग तरी खरा असला पाहिजे, असं वच्छला स्वतःला सांगत राहिली. सगळंच खोटं निघालं, तर मग आपण कशाला गेलो होतो?

अकोल्याच्या स्टेशनवर बडनेऱ्याकडची गाडी यायला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर पंजाबरावांनी रुमाल अंथरला आणि पेटीतून अहवालाचा कागद काढला. त्यात देवीदास नापास होता, आणि दोघांच्या सह्या झालेल्या होत्या.

"घ्या बाई. खाली तुमची."

तिने तानुबाई सांगितली. वांगी, सांभार, वाटून दिलेल्या तक्रारी, सगळं सांगितलं, जसं घडलं त्या क्रमाने. दोघं ऐकत होते. पंजाबराव एकदा हसले. तिचं संपल्यावर किसनराव म्हणाले, "म्हणजे साक्षी खोट्या."

"हो."

"प्रार्थनामंदिरात बसून अख्खी मंडळी खोटं बोलली."

"त्यांना तो माणूस हवा आहे म्हणून."

"वच्छलाबाई, मग तर प्रश्नच मिटला. बारा वर्षं ज्याने शिकवलं, त्याची मंडळी जर देवाच्या घरात एकजुटीने खोटी साक्ष देते, तर तो पाळक म्हणून लायक कसा?"

"आणि खरं बोलून त्यांनी त्याला वाईट म्हटलं असतं तर?"

"तरी नालायकच," पंजाबराव म्हणाले. "दोन्हीकडून एकच निकाल. असा खटला दुर्मीळ."

वर्गातही ती आवाज चढवत नसे. "त्याला दीक्षा द्या आणि अकोटलाच ठेवा. कागदावर तशी अट लिहा. त्यांचं खोटं आपोआप गळून पडेल."

"नेमणूक हा आपल्या मंडळाचा विषयच नाही," किसनराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "आपण फक्त परीक्षा घेतो. नेमणुकीची समिती वेगळी."

"तिच्यावर कोण आहे?"

किसनरावांनी घसा साफ केला. "अध्यक्ष मी आहे."

"आणि चिटणीस?"

पंजाबरावांनी मान पुसली. "पण ती बैठक निराळी असते, बाई. तिचं दप्तरच वेगळं."

तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं. फलाटावर हमाल गाठोडी ओढत होते, चहावाला ओरडत होता, आणि ही दोन भली माणसं, कुणाचं पाच पैशांनी वाईट न चिंतणारी, घरी जाऊन बायकोला आज खूप दगदग झाली म्हणून सांगणारी, तिच्याकडे सहानुभूतीने पाहत होती. त्यांच्यात दुष्टपणा असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

"मी सही केली नाही तर?"

"तर अहवाल अपुरा. वर्षभर तसाच पडून राहील. पास नाही, नापास नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून," किसनराव म्हणाले. "आणि तोवर तो आहे तिथेच. यात त्याचं कसलं भलं?"

आहे तिथेच. तानुबाईला एवढंच हवं होतं. बी. एस्सी. होऊन, मंडळावर बसून, पद्धत लावून आपण शेवटी तानुबाईच्याच पाटीपाशी येऊन उभ्या राहिलो. तिने कागद परत दिला, वांग्यांचं फडकं उचललं आणि विचारलं, अकोटकडची मोटार किती वाजता सुटते, ते कुणाला ठाऊक आहे का?

"उद्या शाळा नाही का तुम्हाला?" पंजाबरावांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली, आणि फलाटाबाहेर पडली.

ती पोचली तेव्हा अकोटात दिवेलागण होत होती. देवीदास घरी नव्हता. शेजारणीने खुशालरावांच्या घराकडे बोट केलं. तो त्यांच्या ओट्यावर बसला होता, दारात तानुबाई कंदिलाची काच पुसत होती. वच्छलेला पाहून तिच्या हातातली काच पडता पडता राहिली.

"अहवालावर मी सही केलेली नाही, तेव्हा निकाल वर्षभर लांबला," वच्छला देवीदासला म्हणाली. बसायलाही ती थांबली नाही. "पण त्यासाठी नाही आले. सकाळी तुम्ही जे ऐकलंत ते सगळं बनवलेलं होतं. तुमची बदली होऊ नये म्हणून. यांनी एकेकाला वाटून दिलं होतं."

देवीदासने तानुबाईकडे पाहिलं. तानुबाईने काचेकडे पाहिलं.

"सगळं?" त्याने विचारलं.

"गान्याचं नाई," तानुबाई पुटपुटली. "थे खरं होतं."

"मंदिरात बसून?" तो उठून उभा राहिला. "देवाच्या घरात? मागच्याच महिन्यात नववी आज्ञा शिकवली ना मी तुमाले! चार रविवार! खोटी साक्ष देऊ नको म्हून घसा फोडला, तवा तुमी डोलत होता ना सगळे? लाजा वाटू द्या थोड्या!" त्याचा आवाज फाटला. "काहून केलं असं? मले एकदा विचारायचं तरी. मी दिवसभर—"

"तुमाले विचारलं असतं तं तुमी करू देल्लं असतं काय?" तानुबाईही तडकली. "तुमी म्हनले असते, देवाची इच्छा. चालले गेले असते. देवाची इच्छा अन् आमची काईच नाई?"

तो पुन्हा खाली बसला आणि त्याने दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, हे वच्छलेला ठरवता येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ठरवायचा प्रयत्नही केला नाही. हातांमागूनच तो म्हणाला, "म्हंजे एक वर्ष गेलं. खुशालरावाले वचन दिलं होतं मी, का पहिलं प्रभुभोजन त्याइलेच देईन. थे वर्षभर राहत नाहीत आता."

तानुबाईने कंदील लावला, वात जरा जास्तच वर केली, पुन्हा खाली केली.

आतून खाट करकरली. "कोन आलं व?" म्हाताऱ्याचा जड, अर्ध्या तोंडातून येणारा आवाज.

"परीक्षावाली बाई," तानुबाई म्हणाली. "परत आली."

आत खाट पुन्हा जोरात करकरली. मग आवाज आला, घाईघाईचा, दम लागलेला.

"मंग तिथं उभी काय राह्यली? मले भिताडाकडं फिरव ना जल्दी!"

कूस बदलायची वेळ तशीही झालीच होती. देवीदासने बाहीने तोंड पुसलं आणि तो आत गेला.